प्रतिसाद: टंचाई नव्हे, कॉफीचा पूर

वर एकांनी लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धात कॉफी मिळेना म्हणून अमेरिकेने लॅटिन अमेरिकी देशांशी कॉफीचा 'मित्रराष्ट्रांचा करार' केला. माझ्या मते हे उलटं आहे. २८ नोव्हेंबर १९४० ला वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या तेव्हा दुखणं अतिरिक्त मालाचं होतं. युरोपची गिऱ्हाइकं युद्धाने तुटली, भाव गडगडले. ब्राझील तर १९३१ पासूनच कोट्यवधी पोती जाळत होता! म्हणून १४ उत्पादक देशांनी अमेरिकी बाजारपेठ कोट्याने वाटून घेतली. एकूण दीडेक कोटी पोती (पोतं ६० किलोचं), त्यात ब्राझीलला ९३ लाख, कोलंबियाला साडेएकतीस लाख.

गंमत म्हणजे यात गिऱ्हाईक स्वतः महाग माल घ्यायला राजी झालं. अमेरिकेला कॉफीपेक्षा शेजारी जपायचे होते. कंगाल झालेलं सरकार जर्मनीकडे झुकलं तर ते जास्त महागात पडलं असतं. त्यावेळी अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती, त्यामुळे 'मित्रराष्ट्रांचा करार' हे नावही जरा नंतरचंच. ब्राझीलने युद्ध पुकारलं ते ऑगस्ट १९४२ मध्ये.

टंचाई आली ती पुढे, आणि तीही बोटींची. पाणबुड्यांचा धोका, जहाजं सैन्याच्या कामाला. नोव्हेंबर १९४२ अखेर अमेरिकेत रेशन लागलं: माणशी पाच आठवड्यांना एक पौंड, तेही पंधरा वर्षांवरच्यांनाच. तिकडे ब्राझीलच्या बंदरात माल पडून.