वाघबीळ सुटलं की गुडघा ठणकतो, नी-कॅप कुठली घेऊ?

राजारामपुरीची ताई: नमस्कार. वय ४४, तीन महिन्यांपूर्वी गिअरची सायकल घेतली. दर रविवारी पहाटे कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून पन्हाळा. वाटेतलं वाघबीळ सुटून चढ लागला की उजवा गुडघा पुढून, वाटीखाली ठणकतो. येताना करंगळ्या बधिर. घरचे म्हणतात, विकून टाक. मला सोडायची नाही. चांगली नी-कॅप सुचवा.

पंचगंगाकाठ: ताई, नी-कॅप थांबवा, आधी सीट बघा. गुडघा पुढून दुखतो तेव्हा सीट बहुतेक खाली असते. मागून, लवणीत दुखला तर फार वर. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल पार खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर कलंडायला नको. मग चवडा ठेवला की गुडघ्याला जो थोडा बाक येतो, तेवढाच हवा. वाढवायची ती अर्धा-अर्धा सेंटीमीटर. मी घाईनं एकदम दोन इंच वर घेतली आणि गुडघ्यामागची शीर पंधरा दिवस धरली होती.

करंगळीची नस तळहाताच्या कडेनं जाते, ती हँडलवर दाबली जाते. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर अंग पुढं घसरून सगळा भार हातांवर येतो. कोपरं सैल ठेवा, पकड बदलत राहा. मुंग्या नंतरही राहिल्या किंवा गुडघा सुजला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच.

उसाचा मळा: गिअर कुठला लावता? चढ अंगावर यायच्या आधीच हलका करा. जड गिअरवर उभं राहून रेटलं की सगळा जोर वाटीवर येतो. सपाटीला मिनिटाला पायडलचे ८०-९० फेरे पडावेत, चढाला थोडे कमी चालतील.

आणि पहाटे निघताय म्हणून कळकळीनं सांगतो. हंगामात उसाच्या कितीतरी ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर नसतो. सांडलेल्या पाल्यावर ब्रेक दाबला की चाक निसटतं. माझा चुलतभाऊ असाच पडला, हात टेकला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. घाट उतरताना वेग वळणाआधीच कमी करा, दोन्ही ब्रेकनी. हेल्मेट तर हवंच.

राजारामपुरीची ताई: मोजलं. टाच ठेवूनही गुडघा चांगलाच वाकलेला होता! अर्धा सेंटीमीटर वर घेतली, झुकलेलं नाक सरळ केलं. काल रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, करंगळ्या शाबूत. गुडघा अजून कुरकुरतोय, म्हणून दोन रविवार पन्हाळा बंद. नी-कॅपच्या पैशात मागचा लाल दिवा आणला.