नेव्हिल बॉनर यांची सिनेटमधली कामगिरी कुठून वाचू?

प्रश्न:
ऑस्ट्रेलियाच्या संसदेतले पहिले आदिवासी सदस्य, सिनेटर नेव्हिल बॉनर (१९७१ ते १९८३) यांच्यावर प्रबंध लिहितेय. ते निवडून यायचे क्वीन्सलँडमधून, पण देशभरातले आदिवासी त्यांना आपला माणूस मानायचे. मग ते उत्तरदायी कुणाला होते? इथेच माझं घोडं अडलंय.

प्रतिसाद १:
आधी त्यांनी मांडलेला ठराव वाच. या भूमीची मूळ मालकी आदिवासींची होती हे सरकारने मान्य करावं आणि भरपाईसाठी कायदा आणावा, एवढीच मागणी. फेब्रुवारी १९७५ मध्ये सिनेटने तो एकमताने मंजूर केला. न्यायालयाने माबो खटल्यात मूळ निवासींचा जमिनीवरचा हक्क मान्य केला तो १९९२ साली! मी सतरा वर्षांचं हे अंतर मोजलं तेव्हा अक्षरशः गलबलून आलं.

प्रतिसाद २:
नुसत्या भाषणांवर थांबू नकोस. सभागृहात मतविभागणी झाली की हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या छापील नोंदीत, बाजूने कोण, विरोधात कोण, अशी नावं छापलेली असतात. बॉनर लिबरल पक्षाचे, पण त्यांचं नाव अनेकदा विरोधकांच्या रांगेत सापडतं. मला तरी उत्तरदायित्वाचा याहून सच्चा पुरावा दिसत नाही. १९८३ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारांच्या यादीत तिसऱ्या जागेवर ढकललं. ते अपक्ष लढले आणि थोडक्यात हरले.

प्रश्नकर्ती:
मतविभागणीच्या याद्या मी सरळ ओलांडून पुढे जात होते. आज रात्री पहिल्यापासून बघते.