पोरांची पत्रं वाया जात नाहीत

"लेखक कुठं पोरांची पत्रं वाचत बसतोय" असं कुणी म्हणालं, ते काही पटलं नाही. ऑझ या जादूच्या देशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या अमेरिकन लेखक फ्रँक बॉमनं 1910 मध्ये ऑझचा बाहेरच्या जगाशी संबंधच तोडून मालिका आटोपली होती. पोरं ऐकतात होय! एकानं विचारलं, मग बिनतारी यंत्रावरून तिथली खबर का घेत नाही? बॉमनं 1913 च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे सांगूनच पुढची गोष्ट सुरू केली.

तेव्हा लिहू द्या त्यांना. खानापूरची माझी भाची कानडी शाळेत जाते. तिचं आवडत्या लेखकाला पत्र मराठीत, पण अक्षरं सगळी कानडी, वर समासात शेपूट जळालेला ड्रॅगन. ताई म्हणाली, देवनागरीत उतरवून मगच पाठवू. मी म्हटलं, मूळ कागद तसाच जाऊ दे, उतारा सोबत जोड.