प्लवकांवरचं संशोधन कलेतून मांडायचंय, माध्यम कोणतं घेऊ?

प्लवकवेडी: समुद्रातले प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, हा माझा अभ्यासाचा विषय. नमुने, सूक्ष्मदर्शकातले फोटो, पाच वर्षांच्या नोंदी, सगळं आहे. तीन आठवड्यांनी वाचनालयात एक भिंत आणि एक टेबल मिळतंय. खर्च कागद-रंगांपुरताच झेपेल. आलेख लावले की लोक न थांबता पुढे जातात. काय करू?

सुईदोरा: क्रोशे! मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी 2005 मध्ये क्रोशेची प्रवाळभित्ती विणायला घेतली, ती जगभर पोचली. ओळीगणिक टाके वाढवत गेलं की कड आपोआप प्रवाळासारखी चुणीदार होते. आमच्या गटाला आठ महिने लागले, पण लोक हात लावायला धावतात.

निळाई: सायनोटाइप करा, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर वस्तू ठेवून उन्हाने उमटवलेला निळा छाप. ॲना ॲटकिन्सने 1843 पासून समुद्री शैवालांच्या अशाच निळ्या छापांचं पुस्तक काढलं. उन्हात ठेवायचं, पाण्यात धुवायचं. शैवाल आधी नीट वाळवा. मी ओलंच ठेवलं आणि सगळे कागद डागाळले.

भिंगवाला: नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्लवकांचा थेट छाप कसा येणार? फोटोची निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापावी लागेल. त्यापेक्षा जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलसारखी रेखाचित्रं काढा. 'चॅलेंजर' या सागर-संशोधन मोहिमेतल्या (1872–76) रेडिओलेरिया या एकपेशीय प्लवकांची त्याची चित्रं बघाच.

काचमणी: हेकेलची सममिती खऱ्यापेक्षा फार नेटकी आहे. ब्लाश्का पितापुत्रांनी काचेत घडवलेल्या जेलीफिश बघा, जिवंत वाटतात.

भिंगवाला: काचकाम तीन आठवड्यांत जमणार नाही. आणि मी या विषयात आलो तो हेकेलमुळे, त्याला नावं ठेवलेली मला चालत नाहीत.

आलेखकार: माध्यम कुठलंही घ्या, नोंदींना इंद्रधनुषी रंगपट्टी नको. माझ्या तापमानाच्या नकाशात पिवळ्याजवळ ठळक कड दिसायची. जो तो विचारायचा, 'इथे काय झालं?' आकड्यांत तिथे काहीच नव्हतं. एकच रंग फिक्याकडून गडदाकडे न्या. प्रत्येक चित्राखाली किती पट मोठं केलंय तेही लिहा.

लाटेवरचा: दोन चांगले प्रोजेक्टर घ्या, पूर्ण खोली समुद्र होते. आम्ही केलंय.

सागरगोटा: वरचं सगळं वाचलं नाही, पण सायनोटाइप उत्तम.

प्लवकवेडी: सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाचीला सूक्ष्मदर्शकाखाली कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतला इवलासा प्लवक) दाखवला आणि हातात पेन्सिल दिली. तिने आधी बीसारखं अंग काढलं, मग लांबच लांब दोन मिशा. मग थांबली. 'मावशी, याला डोळा एकच कसा?' फोटो मी कितीतरी जणांना दाखवलेत, हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणून ठरवलंय, भिंत कोरी ठेवते. टेबलावर सूक्ष्मदर्शक, कागद, पेन्सिली. येणाऱ्यांनी बघून काढायचं, तीच चित्रं भिंतीवर लावायची. किती पट ते खाली लिहीन.

सुईदोरा: कोऱ्या भिंतीकडे पहिला तासभर कुणी फिरकत नाही हो, आम्ही भोगलंय. दोन-चार चित्रं आधीच लावून ठेवा.

प्लवकवेडी: हे पटलं. भाचीचं पहिलं लावते.