गोल्फ अळणी आहे, की आपलीच जीभ तिखटाला सोकावली आहे?

घाटवळण (धागाकर्ता):

गेली नऊ वर्षे माझे वास्तव्य जर्मनीत, स्टुटगार्टजवळ आहे. या काळात स्वतःच्या, मित्रांच्या आणि भाड्याने घेतलेल्या अशा बऱ्याच कौटुंबिक हॅचबॅक गाड्या मी चालवल्या, आणि त्यावरून माझे मत असे बनले आहे की फोक्सवॅगन गोल्फ ही या वर्गातली सर्वांत अळणी गाडी आहे. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिच्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही, आणि दिवसभर चालवून उतरल्यावर आठवण्यासारखेही काही सापडत नाही.

फोर्डने १९९८ साली एस्कॉर्टच्या जागी फोकस आणली, तेव्हा रिचर्ड पॅरी-जोन्स यांच्या देखरेखीखाली अभियंत्यांनी त्या साध्यासुध्या गाडीला मागच्या बाजूस, प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खाली-वर होऊ देणारे मल्टि-लिंक सस्पेन्शन दिले. तेव्हाची चौथ्या पिढीची गोल्फ मागे टॉर्शन बीमवरच, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या तुळईवरच चालत होती, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की त्याची खबर दुसऱ्यालाही लागे. श्वार्त्सवाल्ड या डोंगराळ जंगलातल्या वळणांवर मित्राची जुनी फोकस चालवताना पुढच्या चाकांखाली रस्ता ओला आहे की कोरडा, हे स्टिअरिंगवरच्या बोटांना कळत होते. तोच रस्ता गोल्फमधून पार केला आणि मुक्कामी पोहोचलो, एवढेच आठवते. सित्रोएनने २००४ च्या सी-४ मध्ये स्टिअरिंगचा मधला भाग स्थिर ठेवून फक्त बाहेरचे कडे फिरते केले. होंडाने २००६ ची युरोपीय सिव्हिक अंतराळयानासारखी घडवली, शिवाय इंधनाची टाकी पुढच्या आसनांखाली नेऊन मागच्या आसनांच्या बैठका उभ्या दुमडण्याची सोय केली. त्याच काळात गोल्फने काय केले, तर आधीच्या गोल्फसारखीच पुढची गोल्फ केली.

जाणकारांनी आपले मत मांडावे.

वरणभात:

धागाकर्त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. १९७४ साली पहिली गोल्फ आली तेव्हा ती बीटलची जागा घेणार होती. मागे बसवलेले, हवेने थंड होणारे इंजिन ही ज्या कंपनीची ओळख, तिने इंजिन पुढे आणले, ते पाण्याने थंड केले, त्याची ताकद पुढच्या चाकांना दिली आणि आकार ठरवण्याचे काम इटलीच्या जॉर्जेतो जुजारो यांच्याकडे सोपवले. दोन वर्षांनी गोल्फची वेगवान आवृत्ती, जीटीआय, विक्रीस आली, तेव्हा सुमारे ८०० किलोच्या गाडीत ११० अश्वशक्ती होती आणि ५,००० गाड्या खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा अंदाज होता. तो किती चुकला हे सर्वश्रुत आहे. ज्या गाडीने वर्गच निर्माण केला, तिच्यावर इतरांसारखे वेगळे दिसण्याचे ओझे नसते. जर्मनीत या आकाराच्या साऱ्या गाड्यांना आजही ‘गोल्फक्लास’ म्हणतात, हे धागाकर्ते रोज ऐकत असतील.

मागच्या दाराशेजारचा तो रुंद खांब जुजारोंपासून चालत आलेला आहे, आणि तो ठेवणे हा आळस नव्हे, निर्णय आहे. डॉक्टर आणि नळदुरुस्ती करणारा एकाच गाडीतून उतरले तरी कोणाची पत वाढत नाही की घटत नाही, असे किती गाड्यांबाबत म्हणता येईल? राहता राहिला सस्पेन्शनचा मुद्दा. २००३ च्या पाचव्या गोल्फला मल्टि-लिंक मिळाले, म्हणजे आपला सर्वांत भक्कम पुरावा पाच वर्षांपुरता आहे. आणि ज्या सिव्हिकचे कौतुक आपण केले आहे, तिच्या मागच्या काचेला वायपरच नव्हता! नोव्हेंबरातल्या जर्मन चिखलात तिचे अंतराळयान मागे बघायला काय वापरत असे, हे जाणून घ्यायला आवडेल.

उजवीकडची मार्गिका:

वरणभात यांचा युक्तिवाद सातव्या गोल्फपर्यंत मला पटतो. २०१२ ची ती गाडी आधीच्यापेक्षा १०० किलोपर्यंत हलकी होती आणि तिच्यातले प्रत्येक बटण हात जाईल तिथेच होते. परंतु २०१९ च्या आठव्या गोल्फने तोच संयम सोडला. तापमान आणि आवाज कमी-जास्त करण्यासाठी डॅशबोर्डवरच्या पडद्याखाली स्पर्शाच्या पट्ट्या आल्या, त्यांना रात्री उजेड नव्हता. स्टिअरिंगवरही काही गाड्यांत स्पर्शाची बटणे आली. २०२४ च्या सुधारित गाडीत त्या पट्ट्यांना उजेड द्यावा लागला आणि स्टिअरिंगवर खरी बटणे परत आणावी लागली. ‘विचार न करता वापरता येते’ हाच ज्या गाडीचा गुण, तिच्यात काच गरम करायला विचार करावा लागत असेल, तर तिला साधी म्हणून सोडून देता येणार नाही.

शिवाय या चर्चेत ‘जर्मन’ हा शब्द सैलपणे येऊ नये. धागाकर्त्यांची लाडकी फोकस जर्मनीतच, झारलुईच्या कारखान्यात बनत होती. तेव्हा अळणीपणाचा दोष देशाला न देता फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गमधल्या मुख्यालयाला द्यावा.

चाकणफाटा:

मी पुण्याचा असल्यामुळे गोल्फवर अधिकाराने बोलणार नाही, पण तिच्या धाकट्या भावंडाबद्दल बोलू शकतो. पोलो चाकणला बनत असे आणि तिची प्रतिस्पर्धी फियाट पुंटो रांजणगावला, म्हणजे हा वाद आमच्याकडे एकाच जिल्ह्यात मिटवता येत होता. सुरुवातीची तीन सिलिंडरची ७५ अश्वशक्तीची पेट्रोल पोलो खरोखर मिळमिळीत होती, आणि खराब रस्त्यावर पुंटो जशी ठाम बसायची तशी ती बसत नसे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच पोलोवर कंपनीने २०१० पासून भारतात शर्यतमालिका भरवली, २०१३ मध्ये जीटी टीएसआय ही १०५ अश्वशक्तीची आवृत्ती आली, आणि तिच्याभोवती जमलेला पोरांचा गोतावळा २०२२ मध्ये उत्पादन थांबल्यानंतरही पांगलेला नाही. अळणी गाडीला असा गोतावळा मिळत नाही.

गंमत अशी की, २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय थेट आयात होऊन भारतात आली ती सुमारे ५३ लाखांना. तिकडे जी मुलांना शाळेत सोडणारी गाडी, ती इकडे सिग्नलला थांबली की लोक फोन काढतात. तेव्हा धागाकर्त्यांना गोल्फ कंटाळवाणी वाटते, यात गोल्फचा वाटा किती आणि प्रत्येक गल्लीत चार गोल्फ उभ्या असण्याचा वाटा किती, हे त्यांनी तपासावे.

घाटवळण (धागाकर्ता):

पाचव्या गोल्फचा मुद्दा मला मान्य करावा लागतो; फोकसने रस्ता दाखवला आणि गोल्फ पाच वर्षांनी त्या रस्त्याला लागली, असे म्हटले असते तर अधिक नेमके झाले असते. गल्लीतल्या चार गोल्फचा हिशेबही बरोबर आहे. आमच्या गल्लीत सहा आहेत, मोजून आलो. स्टिअरिंगबाबतचे मत मात्र बदलत नाही, कारण ते वाचून बनलेले नाही.

फोकसचे उत्पादन २०२५ च्या नोव्हेंबरात थांबले, त्यामुळे माझ्यासमोर आता वापरलेलीच गाडी आहे. सौभाग्यवतींचे मत वरणभात यांच्या बाजूने पडल्यामुळे येत्या शनिवारी एक फोकस आणि एक सातवी गोल्फ अशा दोन्ही पाहायला जात आहोत. सिव्हिक यादीतून काढली आहे. वायपरचा मुद्दा त्यांनीही वाचला.