आगळाची बाटली आणि क्रूझ

रत्नागिरीहून आई-बाबांना घेऊन मुंबईच्या बंदरातून क्रूझ पकडायची आहे, तर कोकम आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा, मीठ घातलेला घट्ट रस) आणि फेणी सोबत नेता येईल का, असं एकाने विचारलंय. फेणीचा विचार सोडाच. कडक दारू बहुतेक क्रूझवर चढतानाच काढून ठेवतात. शिवाय ती गोव्यातून आणलेली असेल तर महाराष्ट्रात यायला परवाना लागतो, गोव्याच्या सीमेजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात.

वाईनचं वेगळं. कार्निव्हल ही परदेशी क्रूझ कंपनी पहिल्या दिवशी हातातल्या सामानात 21 वर्षांवरच्या माणसाला 750 मिलीची एक सीलबंद बाटली नेऊ देते, शिवाय 355 मिलीचे 12 कॅनपर्यंत थंड पेय. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र नाहीत. इथल्या क्रूझचा नियम तिकिटावर बघून घ्या, तो वेगळा असू शकतो.

आता आगळ. माझ्या आईला साखर आहे, म्हणून सरबताऐवजी आगळच नेलं होतं. घरचं, जुन्या बाटलीत भरलेलं, बुचाला कापड बांधलेलं. एक्स-रेमधून बॅग गेली आणि तिथल्या मुलाने बाटली उजेडात धरली. गडद लाल रंग, लेबल नाही. त्याला समजावलं, पण ती तिथेच राहिली. आईचा चेहरा उतरला तो अजून आठवतो. तिने स्वतः रातांबे (कोकमाची फळं) फोडून केलं होतं हो!

म्हणून तुमच्या आईसाठी दुकानातलं, लेबल असलेलं आगळ घ्या. औषध म्हणून घ्यावं लागत असेल तर कंपनीला आधी मेल करून लेखी होकार मागा आणि छापून जवळ ठेवा.