पर्यावरण करार: शिक्षाच नसेल तर सही कशाला?

कागदीघोडा:
हवामान बदलावरच्या पॅरिस कराराचं १५वं कलम नीट वाचलंय का कुणी? पालनावर नजर ठेवायला समिती आहे, पण तिने भांडायचं नाही आणि शिक्षा करायची नाही, असं कलमातच लिहिलंय. उत्सर्जन कमी करायचं उद्दिष्ट ज्याचं त्याने ठरवायचं. ते चुकलं तर समिती फार तर विचारणार, "काय अडचण आली?" त्याआधीच्या क्योटो कराराला निदान दात होते. जेवढं जादा उत्सर्जन, त्याच्या १.३ पट पुढच्या कोट्यातून कापायचं. पण कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये 'आम्ही निघालो' असं कळवलं आणि वर्षभराने मोकळा झाला. अमेरिका पॅरिसमधून २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये आत, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडायची नोटीस. धर्मशाळा आहे का ही? ज्यात शिक्षा नाही त्याला मी करार मानत नाही.

रानवारा:
अहो, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. क्योटोत शिक्षा होती, तरी कॅनडा गेलाच ना? त्यापेक्षा ओझोनचा थर वाचवायचा माँट्रिअल करार (१९८७) बघा. बाहेर राहिलात तर सदस्य देश तुमच्याशी सीएफसीचा, म्हणजे ओझोन खाणाऱ्या वायूंचा, व्यापार करणार नाहीत. आत आलात तर विकसनशील देशांना कारखाने बदलायला निधी. १९९५ मध्ये रशियाने स्वतःच येऊन सांगितलं की मुदत पाळणं जमणार नाही. त्याला हाकललं नाही. निर्यातीवर बंधनं घातली, पैशाची सोय झाली, आणि पुढे रशियाने ते उत्पादन बंद केलं.

कागदीघोडा:
व्यापारबंदी म्हणजे शिक्षाच की हो! नाव गोंडस ठेवलंत, एवढंच.

तिसरी_घंटा:
दोघेही शिक्षेवर अडकलाय. आधी चोरी कळायला नको? सीएफसी-११ चं उत्पादन २०१० पर्यंत जगभर बंद व्हायचं होतं, आणि देशांच्या अहवालांत ते जवळपास शून्य होतंही. पण हवेतलं प्रमाण ज्या वेगाने उतरायला हवं त्या वेगाने उतरेना. मे २०१८ मध्ये शोधनिबंध आला: २०१२ नंतर कुणीतरी नव्याने सोडतंय. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातल्या गोसान आणि जपानमधल्या हातेरुमा इथल्या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या नोंदींवरून वाढीचा मोठा हिस्सा पूर्व चीनमधला निघाला. हा वायू फोम फुगवायला वापरतात. नंतर उत्सर्जन झपाट्याने खाली आलं. चोर कागदावर सापडला नाही, वाऱ्याने चुगली केली. तीही वाऱ्याच्या वाटेत केंद्रं होती म्हणून. असली केंद्रं जगात मोजकीच आहेत, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

रानवारा:
+१. आणि सीएफसी बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हेही मान्य. कार्बन तर प्रत्येक चुलीतून निघतो. माँट्रिअलचा साचा तिथे जशाच्या तसा बसणार नाही.

कागदीघोडा:
मग कोर्टाचंही बघू. अंटार्क्टिकात 'संशोधना'च्या नावाखाली चाललेल्या देवमाशांच्या शिकारीवरून ऑस्ट्रेलियाने जपानला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. मार्च २०१४ मध्ये जपान हरला. पुढच्याच वर्षी नव्या नावाने 'संशोधन' सुरू! आणि जून २०१९ अखेर जपान देवमाशांच्या शिकारीवरचा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा आयोग सोडून बाहेर, जुलैपासून उघड व्यापारी शिकार. घ्या.

रानवारा:
अर्धंच सांगितलंत. बाहेर पडल्यावर जपानने अंटार्क्टिकातली शिकार थांबवली, आता स्वतःच्या समुद्रात करतो. ऑस्ट्रेलियाला दक्षिणेतून जे हवं होतं ते मिळालंच ना?

कागदीघोडा:
मिळालं, पण करार पाळून नाही, सोडून! हा विजय कुठल्या खात्यात टाकायचा ते तुम्हीच सांगा.